घर नंबर दोनशे चौदा

ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, झेरॉक्सचं मशीन ओलांडून गेलं की डाव्या हाताला एक खोली लागायची. दारावर पाटी होती ‘चाचणी नोंदणी कक्ष’, पण ती पाटी कोणी वाचत नसे. अख्खी संस्था त्या खोलीला घरमालकिणीची खोली म्हणायची आणि तिथे गेली एकोणीस वर्षं बसणाऱ्या बाईला घरमालकीण. तिला हे नाव ठाऊक होतं. तोंडावर घेतलेलं चालत नसे, पाठीमागे घेतलेलं आवडत असे, आणि हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

नाव पडलं ते तिच्या कामावरून. भाजलेल्या रुग्णांवर जगात कुठेही मलमाची, औषधाची, ड्रेसिंगची चाचणी झाली की तिची नोंद घरमालकीण ठेवायची. ऐकायला हे काम सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने एक आठवडा करून बघावं. चाचणी होते एक आणि तिच्यावर लेख निघतात पाच. आधी घाईघाईत एक, मग सविस्तर एक, मग वेदनांवर वेगळा, मग वर्षभराने रुग्ण कसे आहेत ते सांगणारा. प्रत्येकावर पहिलं नाव वेगळ्या डॉक्टरचं, कारण बढती प्रत्येकालाच हवी असते. पुढे कोणी सगळ्या चाचण्या एकत्र मांडून आढावा घ्यायला बसलं आणि हे पाच लेख पाच चाचण्या म्हणून मोजले गेले, तर एकच माणूस कागदावर पाचदा बरा होतो, नाहीतर पाचदा मरतो. आणि त्या आढाव्यावर भरवसा ठेवून डॉक्टर उपचार ठरवतात.

म्हणून तिचा कायदा होता : एक चाचणी, एक घर. घराला नंबर, आणि त्या चाचणीतून निघालेले सगळे लेख त्याच घरात. कॉम्प्युटरवर तक्ता होता, शिवाय लाकडी खणांत प्रत्येक घराचं एक कार्ड होतं. नवा लेख आला की त्याचं घर सापडेपर्यंत ती त्याला ‘दारात’ असं लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवायची. काही लेख दारात महिनोन् महिने उभे असत. दुपारी डबा उघडता उघडता ती त्यांच्याकडे बघून विचारायची की खरं सांगा, कुणाकडचे तुम्ही. अशी चारशे अकरा घरं तिने वसवली होती, आणि संस्थेत कोणी आढावा घ्यायला बसलं की आधी तिच्याकडून घरांची यादी जायची. घरमालकिणीने दिलेली यादी पुन्हा तपासायची पद्धत नव्हती. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती फारसा लपवतही नसे.

तिची धाकटी नणंद शेजारच्याच मोठ्या रुग्णालयात भाजलेल्या मुलांच्या वॉर्डाची सिस्टर होती. जिभेची फटकळ आणि हाताची हलकी. वॉर्डात रोज सकाळी दहाला ड्रेसिंग बदलायची वेळ. चिकटलेलं ड्रेसिंग जखमेवरून सोडवताना मूल कसं रडतं ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. दहाला पाच कमी असताना नणंद वॉर्डातला रेडिओ मोठा करायची, म्हणजे ज्यांची पाळी यायची असेल त्यांना आतलं ऐकू जाऊ नये. मुलांनी ही युक्ती कधीच ओळखली होती. रेडिओ मोठा झाला की ती रेडिओलाच घाबरायची.

त्या रविवारी नणंद नेहमीसारखी भावाकडे जेवायला आली, पण नेहमीसारखी बोलेना. ताटातला भात नुसता चिवडत बसली. शेवटी वहिनीनेच विचारलं तेव्हा कळलं की वॉर्डात आढाव्याचा कच्चा मसुदा आलाय. प्रश्न असा होता की मुलांच्या लहानसहान भाजण्यावरचं ड्रेसिंग रोज बदलायचं की पाच दिवस तसंच ठेवायचं. मसुदा म्हणत होता, सात चाचण्या पाहिल्या, पाच दिवस ठेवलं तर जंतुसंसर्ग वाढतो, सबब रोजच बदला. तीन आठवड्यांनी समिती बसणार, शिक्का मारणार, आणि मग दहा वर्षं तरी त्या नियमाला कोणी हात लावणार नाही.

नणंदेचं म्हणणं वेगळं होतं. गेल्या वर्षी ड्रेसिंगचा माल तीन आठवडे कुठेतरी अडकून पडला होता. तेव्हा नाइलाजाने वॉर्डात चार-चार, पाच-पाच दिवस ड्रेसिंग तसंच ठेवलं. एकाही मुलाची जखम चिघळली नाही. तिने स्वतः रोज टिपून ठेवलं होतं.

“वहिनी, तुझ्या त्या चारशे घरांत कुठेतरी गडबड आहे,” नणंद म्हणाली. “मी जखमा बघते गं. कागद नाही बघत.”

वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन आठवडे आणि वीस मुलं बघून कोणी जगाला शहाणपण शिकवायला लागलं तर आढावे घ्यायचेच कशाला, असं ती म्हणाली. नणंद म्हणाली की आढावा घेणाऱ्यांनी एकदा दहा वाजता वॉर्डात येऊन उभं राहावं. वहिनी म्हणाली की रडण्यावरून औषध ठरत नाही. हे शब्द तोंडातून गेले आणि तिचे तिलाच ते आवडले नाहीत, पण मागे घेणार कोण? घरमालकिणीचा नवरा पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला तो बायको आणि बहीण दोघी गप्प होईपर्यंत तिथेच भांडी लावत बसला. नणंद न सांगता चप्पल घालून निघून गेली. डबाही नेला नाही.

सोमवारी सकाळी घरमालकीण खोलीत आली ती नणंदेला खोटं पाडायचा निश्चय करूनच. सातही चाचण्यांचे कागद काढायचे, रांगेत लावायचे, आणि रविवारी तिच्यापुढे ठेवायचे. बघ म्हणावं. तिने सात घरं उघडली. चार घरांत काहीच भानगड नव्हती. रोज बदला नाहीतर पाच दिवसांनी बदला, संसर्ग सारखाच. संसर्ग वाढलेला दिसत होता तो उरलेल्या तीन घरांत. नंबर दोनशे चौदा, तीनशे एक आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी. सगळा निकाल या तिघांच्या जोरावर उभा होता.

दोनशे चौदामधला मूळ लेख जुना, साठ मुलांवरचा. तीनशे एकमधला त्यानंतर चार वर्षांनी आलेला, एकशे दहा मुलांवरचा. तीनशे अठ्ठ्याऐंशी आणखी दोन वर्षांनी, शहाण्णव मुलं, त्यात वेदनांचा हिशोब जास्त. तिघांवर पहिलं नाव वेगळं आणि रुग्णालयाचं नावही वेगळं. तिने चष्मा पुसला आणि शेवटपासून वाचायला घेतलं, कारण तिचा अनुभव असा की लोक जे सांगायला लाजतात ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहितात.

जुन्या लेखात शेवटच्या पानावर लिहिलं होतं की वॉर्डातला फ्रिज बंद पडल्यामुळे जखमेचे सतरा नमुने खराब झाले. दुसऱ्यात लिहिलं होतं की साठवणुकीतल्या दोषामुळे सतरा नमुने तपासता आले नाहीत. तिसऱ्यात फक्त एवढंच होतं की तांत्रिक कारणाने सतरा नमुने वगळले.

घरमालकीण बराच वेळ त्या तीन पानांकडे बघत राहिली. तीन वेगळ्या रुग्णालयांत, तीन वेगळ्या वेळी, बरोबर सतरा नमुने वाया जातील असा योगायोग तिने एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. फ्रिज एकच होता. वॉर्ड एकच होता. ज्या मुलांच्या जखमा चिघळल्या तीच मुलं आढाव्यात तीनदा मोजली गेली होती, आणि ती मोजली गेली होती तिच्या यादीमुळे. डबा त्या दिवशी तसाच घरी परत गेला.

पण नुसत्या संशयावर दोन घरं एक करायची नाहीत, हा तिचाच नियम होता, नऊ वर्षांपूर्वी तिनेच केलेला. ज्याने चाचणी केली त्याच्या हातचं लेखी हवं. लेखांवरचे पत्ते केव्हाच बंद पडले होते. तिने रुग्णालयात फोन लावला. तिथे कळलं की रुग्णालयाचं नाव मध्यंतरी दोनदा बदललंय, म्हणजे वेगळं दिसणारं तेही एकच निघालं. ज्या सर्जनच्या हाताखाली हे काम झालं ते निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेले होते. टेलिफोनवरची बाई भली होती; तिने तीन खात्यांत विचारून त्यांच्या घरचा नंबर काढून दिला.

म्हातारबुवांना ऐकू कमी यायचं. घरमालकिणीला इतक्या मोठ्याने बोलावं लागलं की झेरॉक्सवाला दारात येऊन उभा राहिला. तिने तिन्ही लेखांची नावं वाचून दाखवली आणि सतरा नमुन्यांचं विचारलं. पलीकडून हसू ऐकू आलं. तो फ्रिज ते विसरले नव्हते. रात्रपाळीच्या नर्सने पंख्यासाठी त्याचा प्लग काढला होता आणि सकाळी बिचारी रडत बसली होती. हो, तिन्ही लेख एकाच चाचणीचे. पहिला घाईत काढलेला, तेव्हा साठच मुलं झाली होती. पुढचे दोन त्यांच्या हाताखालच्या पोरांनी आपापल्या नावावर काढले. लिहून देतो म्हणाले.

घरमालकिणीला हायसं वाटलं. आभार मानून ती फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

“तीन लेख एकाच चाचणीचे झाले. मग माझ्या दुसऱ्या चाचणीचं काय केलंत?”

दुसरी कुठली, असं तिने विचारलं. म्हातारबुवा सांगू लागले. पहिल्या चाचणीत संसर्ग का वाढला त्याचा त्यांनी छडा लावला होता. पाच दिवसांचं ड्रेसिंग घेऊन मुलं घरी जायची, घरी आया नेहमीसारखी अंघोळ घालायच्या, आणि ड्रेसिंग आतून ओलं राहायचं. आयांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी दुसरी चाचणी केली. नवी साठ मुलं, ड्रेसिंगवर पाणी न शिरणारं आवरण, आणि प्रत्येक आईला अर्धा तास बसवून समजावलेलं. संसर्ग वाढला नाही. मुलांचं रडणं निम्म्याहून कमी झालं. त्यावर एकच लेख निघाला, त्यांच्या गावच्या भाषेतल्या एका लहानशा नियतकालिकात, आणि पुढे तो कुणी वाचल्याचं त्यांच्या कानावर आलं नाही.

घरमालकिणीने फोन ठेवला. हा लेख तिने पाहिला होता. तिला अगदी पक्कं आठवत होतं की पाहिला होता.

तिने लाकडी खण ओढला आणि दोनशे चौदाचं कार्ड काढलं. कार्डावर दोन लेख होते. दुसऱ्यापुढे अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि तिचंच, वळणदार, स्वतःवर खूश असलेलं अक्षर : ‘तोच डॉक्टर, तोच वॉर्ड, साठ मुलं. हाच तो. जोडला.’

भाषा येत नव्हती म्हणून तिने तेव्हा फक्त सारांशाचं पान पाहिलं होतं. साठ आणि साठ दिसले आणि तिने जोडून टाकलं. नियम पुढे दोन वर्षांनी आला. म्हणजे जो लेख वेगळ्या घराचा धनी होता तो अकरा वर्षं दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून पडून राहिला, आणि घरचा मूळ लेख आधीच वापरात आहे म्हणून आढावेवाल्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जी जोडायची ती तिने तोडून ठेवली होती आणि जो तोडायचा तो जोडून. दोन्हीकडून मार बसला होता तो दहा वाजता रेडिओ ऐकणाऱ्या मुलांना.

एक विचार तिच्या मनात येऊन गेला, तो सांगायलाच हवा. तक्ता तिच्या हातात होता. दोन ओळी इकडच्या तिकडे केल्या, ‘सुधारित यादी’ म्हणून पाठवून दिली, तर कोण विचारणार होतं? घरमालकिणीची यादी कोणी तपासत नसे. ती खुर्चीत बसून त्या कार्डाकडे बघत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की मूळ दुखणं तेच आहे. कोणी तपासत नाही म्हणूनच ते साठ आणि साठ अकरा वर्षं एका छपराखाली राहिले.

संध्याकाळी घरी न जाता ती तडक नणंदेकडे गेली. दार उघडल्या उघडल्या सांगून टाकलं की तुझं बरोबर होतं, आणि चूक माझी होती, एक नाही, दोन. नणंद टोमणा मारेल म्हणून तिने कान तयार ठेवले होते. नणंदेने फक्त तिला आत ओढलं, चहा टाकला आणि विचारलं की समितीला किती दिवस उरलेत. एकोणीस, वहिनी म्हणाली. मग बस, नणंद म्हणाली, काय काय करायचंय ते सांग.

करायचं पुष्कळ होतं. नियम येण्याआधी घरमालकिणीने एकटीच्या मतावर जोडलेले असे लेख किती, याची तिने यादी काढली. सेहेचाळीस निघाले. चुकीचं जोडलेलं एक सापडलं तर बाकी पंचेचाळीस स्वच्छ आहेत असं कोण मानेल? ती कंबर कसून बसली. एकेक लेख पहिल्या पानापासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचला, आणि ज्यांची भाषा येत नव्हती ते भाषांतर विभागातल्या बाईंच्या मागे लागून वाचून घेतले. त्या बाई पुढे पुढे तिला लांबून येताना पाहिली की फोन कानाला लावायच्या. नणंद ड्युटी संपली की खोलीत यायची आणि लेखांतलं जखमांचं वर्णन वाचून सांगायची की हे पाय भाजलेले आहेत, ते हात, ही मुलं एक असूच शकत नाहीत. सतराव्या दिवशी काम संपलं. दोनशे चौदा सोडून आणखी दोन ठिकाणी चूक निघाली, या प्रश्नाशी संबंध नसलेली. बाकीचे त्रेचाळीस खरोखरच आपापल्या घरात होते.

म्हातारबुवांचं पत्र अठराव्या दिवशी आलं. ईमेल त्यांना जमत नव्हतं. त्यांनी हाताने लिहिलं आणि त्यांच्या पत्नीने फोनवर फोटो काढून पाठवला. दोन्ही चाचण्यांत पहिलं मूल कोणत्या तारखेला घेतलं आणि शेवटचं कोणत्या, ते जुन्या वहीतून उतरवलेलं होतं. दोन्हींमध्ये सात महिन्यांचं अंतर होतं. खाली सही आणि सहीखाली एक ओळ की उशीर झाला, क्षमस्व. घरमालकिणीने ती ओळ दोनदा वाचली आणि उशीर नेमका कुणाचा, हे तिला नव्याने टोचलं.

समितीची बैठक एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीनला. लांब टेबल, नऊ माणसं, मध्यभागी अध्यक्षबाई. त्या स्वतः सर्जन होत्या, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांच्या उजव्या हाताला संख्याशास्त्रज्ञ. त्यांना सगळे आकडेवाले म्हणत. हुशार माणूस, पण आपल्या गणितावर कोणी बोट ठेवलं की आधी चिडायचा आणि मग ऐकायचा. पडद्यावर त्यांनी काढलेलं चित्र होतं. मधोमध एक उभी रेघ, एकेका चाचणीचा एकेक छोटा चौकोन, आणि तळाशी सगळ्यांची बेरीज दाखवणारा शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका. ठिपका रेघेच्या उजवीकडे, म्हणजे रोज ड्रेसिंगच्या बाजूला, स्पष्ट दिसत होता. घरमालकीण नेहमी टेबलाच्या टोकाला बसायची आणि तिला विचारल्याशिवाय बोलायची नाही. त्या दिवशी अध्यक्षबाईंनी ‘सुरू करू या’ म्हणायच्या आत ती उभी राहिली.

“दोनशे चौदा, तीनशे एक आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी ही तीन घरं नाहीत, एकच आहे,” ती म्हणाली. “आणि दोनशे चौदामध्ये जो दुसरा लेख आहे तो त्या घरचा नाही, ती वेगळी चाचणी आहे. दोन्ही चुका माझ्या आहेत. हे कार्ड, हे पत्र, आणि हे फ्रिजचं तिन्ही लेखांतलं शेवटचं पान.”

कागद टेबलावरून फिरू लागले. आकडेवाल्यांचा चेहरा लाल झाला. दोन महिन्यांचं काम, असं ते म्हणाले. मसुदा बाहेर गेलाय, असंही म्हणाले. मग पत्र त्यांच्या हातात आलं. त्यांनी तारखा वाचल्या, कार्डावरचं अक्षर वाचलं, आणि मग चष्म्यावरून तिच्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, जो कोणीतरी विचारणारच होतं. बाकीच्या घरांचं काय?

तिने सेहेचाळीस ओळींची यादी त्यांच्यापुढे सरकवली. प्रत्येक ओळीपुढे काय तपासलं, कुठल्या पानावर पाहिलं, आणि तीन ठिकाणी ‘चूक’ असा स्वच्छ शब्द, बाकीच्या दोन चुकांमुळे ज्यांचे आढावे बिघडले त्यांना पाठवलेल्या पत्रांच्या तारखांसकट. आकडेवाल्यांनी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचायला वेळ लागला. घरमालकीण उभीच होती.

मग आकडेवाल्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. सातातले दोन चौकोन त्यांनी पुसले, पाच उरले. दुसऱ्या चाचणीचे आकडे भाषांतरावरून घातले, सहा झाले. बटण दाबलं आणि पडद्यावरचा ठिपका हलला. रेघेच्या उजवीकडून निघाला आणि बरोबर रेघेवर येऊन बसला. म्हणजे रोज बदला की पाच दिवस ठेवा, संसर्गात फरक नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आकडे घातले, पुन्हा बटण दाबलं. ठिपका तिथेच. मग त्यांनी न सांगता वेदनांचं चित्र काढलं. तिथे ठिपका रेघेपासून इतका लांब डावीकडे, म्हणजे पाच दिवसांच्या बाजूला, गेला की अध्यक्षबाईंनी चष्मा लावला.

“हे आता खरं आहे,” आकडेवाले म्हणाले, आणि त्यांच्यासारख्या माणसाने ते इतक्या शांतपणे म्हटलं की घरमालकिणीचे डोळे भरून आले. ती खुर्चीत बसली.

अध्यक्षबाईंनी कागद एकत्र केले आणि विचारलं की अकरा वर्षं कोणाच्या लक्षात न आलेली ही चूक पकडली कोणी.

“माझ्या नणंदेने,” घरमालकीण म्हणाली.

टेबलावर हशा पिकला. तिने डोळे पुसत खुलासा केला की नणंद वॉर्डाची सिस्टर आहे, तिने लेख वाचले नव्हते, जखमा बघितल्या होत्या. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. अर्ध्या तासात ठराव झाला. मुलांच्या लहान, वरवरच्या भाजण्यावर ड्रेसिंग पाच दिवस ठेवावं, वरून पाणी न शिरणारं आवरण असावं, आणि घरी पाठवताना आईला बसवून समजवावं. आकडेवाल्यांनी एक कलम आपणहून घातलं की यापुढे घरमालकिणीच्या यादीतल्या प्रत्येक जोडणीवर दुसऱ्या माणसाची सही लागेल, आणि पहिलं वर्ष ती सही मी करीन. लिहिताना त्यांच्या तोंडून ‘घरमालकीण’ असंच निघालं, तिच्या तोंडावर. तिने काही हरकत घेतली नाही.

खोलीत परतल्यावर तिने तीन घरांचं एक केलं. तीनशे एक आणि तीनशे अठ्ठ्याऐंशीच्या कार्डांवर लाल रेघ मारून ‘मुक्काम दोनशे चौदा’ असं लिहिलं. मग कोरं कार्ड घेतलं. घर नंबर चारशे बारा, लेख एक. दोनशे चौदाच्या कार्डावरची आपली जुनी ओळ तिने खोडली नाही. तिच्यापुढे आजची तारीख घातली आणि लिहिलं : ‘हा तो नव्हता.’ सही केली आणि शेजारी दुसऱ्या सहीसाठी जागा सोडली. झेरॉक्सवाल्याने दारातून विचारलं की काय बाई, आज गाणं गुणगुणताय. तिने त्याला तिथून हाकललं आणि पुन्हा गुणगुणायला लागली.

नवा नियम वॉर्डात लागू व्हायला दोन महिने गेले. त्या बुधवारी सकाळी नणंदेने फोन करून दहाच्या आत ये म्हणून दम दिला, कारण सांगितलं नाही. घरमालकीण आली तेव्हा दहाला तीन कमी होते. वॉर्डात एकोणीस मुलं होती. फळ्यावर आज ड्रेसिंग कोणाचं ते लिहिलेलं होतं, तीन नावं. खिडकीजवळ एक आई मुलाच्या हातावरचं आवरण बोटाने दाबून बघत होती आणि दुसरीला ते कसं बघायचं ते समजावत होती. रेडिओ होता तिथेच होता, चालू होता, आणि बातम्या देणाऱ्याचा एकेक शब्द नीट ऐकू येत होता, कारण त्याचा आवाज कोणी वाढवला नव्हता. घड्याळात दहा वाजले. दोन मुली रंगांच्या खडूवरून भांडत होत्या, त्या भांडतच राहिल्या.

नणंद बाजूला येऊन उभी राहिली. रडण्यावरून औषध ठरत नाही ना, असं ती हळूच म्हणाली. बाई, मारलास ना शेवटी टोमणा, घरमालकीण म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग तिला आठवलं की एक फोन राहिलाय. तिने वॉर्डाच्या दारातच उभं राहून म्हातारबुवांचा नंबर लावला आणि सवयीने मोठ्या आवाजात सांगितलं की तुमच्या दुसऱ्या चाचणीला घर मिळालं, नंबर चारशे बारा, आणि तिच्यामुळे निकाल फिरला. त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

“तुम्ही कुठून बोलताय?” त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, वॉर्डातून, भाजलेल्या मुलांच्या.

“आता तर दहा वाजलेत, आमच्या वॉर्डातही ड्रेसिंगची वेळ हीच होती,” म्हातारबुवा म्हणाले. “मग रडण्याचा आवाज का येत नाही?”

तिने सांगितलं की आज तिघांचंच ड्रेसिंग आहे, बाकीच्यांचं शुक्रवारी. त्यांनी तिला जरा वेळ फोन तसाच धरायला सांगितला. तिने तो कानापासून काढला आणि हात लांब करून वॉर्डाच्या आत धरला. रेडिओवर हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या, आणि मुली अजून खडूसाठी भांडत होत्या.